बाप, लेक आणि कापसाचा भाव

वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरुळपीर या भागातली वर्तमानपत्रं उघडली की आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते. वरली मटक्याच्या अड्ड्यावर धाड, अमुक इसम सट्टापट्टी लिहिताना सापडला, रोख रक्कम आणि आकड्यांच्या चिठ्ठ्या जप्त, १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल. वरळी इथून पाचशेहून अधिक किलोमीटर लांब. चिठ्ठी लिहिणाऱ्याने वरळीचा समुद्र पाहिलेला असेलच असं नाही, तरी धंद्याला नाव वरळीचंच. हिंदी सिनेमातल्या पहिल्या ‘गॉडफादर’चा माग काढायला निघालं तर वाट या चिठ्ठीवरूनच जाते, आणि शेवटी कापसाच्या गाठीशी येऊन थांबते.

मटका मुळात कापसाचा. मुंबईच्या कापूस बाजारात न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव टेलिप्रिंटरवर येत: बाजार उघडतानाचा एक, बंद होतानाचा एक. या दोन आकड्यांवर लोक पैजा लावत. आजही सट्टापट्टीवर ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ लिहितात ते त्याच बाजाराच्या हिशेबाने, फक्त बाजार मधून कधीच गेला. १९६१ साली न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं. पैज लावणाऱ्यांना आकडा तर हवा होता. मग चिठ्ठ्या किंवा पत्ते काढून आकडा ठरवायची पद्धत पडली. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी न्यू वरली मटका काढला. दोघांचंही मोठं गिऱ्हाईक गिरणगावातलं. कापूस पिंजून, कातून, विणून घरी निघालेला कामगार कापसाच्याच जुन्या आकड्यावर आठ आणे लावून पुढे जायचा.

वऱ्हाडच्या माणसाला यात नवल वाटू नये. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला त्याच्यामागे कंपनीच्या थकलेल्या पैशाइतकाच इथल्या काळ्या जमिनीतला कापूस होता. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात या कापसाला ‘उमरा’ म्हणत, उमरावती म्हणजे अमरावतीवरून. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी जी अरुंद रुळांची शकुंतला धावली ती कारंज्यावरून, आणि धावली ती मुख्यतः गाठी वाहायला. न्यूयॉर्कचा भाव आणि कारंज्याच्या शेतकऱ्याचं नशीब यांची गाठ तेव्हाच पडली होती. मटक्याने त्या गाठीतून कापूस काढून घेतला, नुसता आकडा ठेवला.

या आकड्याच्या राजावर सिनेमा निघणं ओघानेच आलं. मारिओ पुझोची ‘द गॉडफादर’ ही कादंबरी १९६९ ची, फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा सिनेमा १९७२ चा. तीन वर्षांत, १९७५ साली, फिरोज खानने ‘धर्मात्मा’ आणला. प्रेमनाथने उभा केलेला त्यातला बाप जुगाराच्या साम्राज्याचा धनी आहे, आणि तो रतन खत्रीच्या छायेत घडवला हे तेव्हा सगळे बोलत होते. मुलाला बापाचा धंदा मान्य नाही, तो दूर निघून जातो, बापाचा घात होतो, मग तोच मुलगा सूड घ्यायला परततो. ‘गॉडफादर’मधल्या कॉर्लिओने घराण्याची गोष्ट अशी आपल्याकडे मटक्याच्या वाटेने शिरली.

खऱ्या मटकेवाल्या घरात मात्र सिनेमाला लाजवील असं घडलं. कल्याणजी भगत यांचा मुलगा सुरेश याने बापाचा धंदा सांभाळला. २००८ साली अलिबागजवळ एका ट्रकने त्याच्या गाडीला धडक दिली आणि तो गेला. आधी अपघात वाटला होता. २०१३ साली न्यायालयाने हा कट असल्याचं मानून ज्यांना जन्मठेप दिली त्यांत सुरेशची घटस्फोटित पत्नी होती आणि त्याचा स्वतःचा मुलगाही होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो हा.

मात्र बाप-लेक आणि पिस्तूल या गोष्टीचं मूळ ‘गॉडफादर’मध्ये शोधलं तर फसगत होईल. ते आणखी चाळीस वर्षं मागे आहे.

१९३१-३२ मध्ये अमेरिकेत गुंडपटांची लाट आली. ‘लिटल सीझर’, ‘द पब्लिक एनिमी’, ‘स्कारफेस’. या तिन्ही सिनेमांत बाप जवळजवळ नाहीच. ‘लिटल सीझर’चा रिको बिनघरादाराचा. ‘स्कारफेस’मध्ये आई आहे, बहीण आहे. ‘पब्लिक एनिमी’त बाप दिसतो, पण काही क्षणच: पोलिसाच्या गणवेशात, हातात पट्टा, तोंडातून शब्द नाही. पोराला झोडपतो आणि गोष्टीतून निघून जातो. हे गुंड स्वतःच्या हिमतीवर वर चढणारे. मागे बाप असता तर त्यांच्या चढण्याची चमक उणावली असती.

बाप आला तो सेन्सॉरच्या वाटेने. हॉलिवूडची नीतिसंहिता १९३० सालीच लिहिली गेली होती, पण तिची खरी अंमलबजावणी १९३४ च्या जुलैपासून सुरू झाली. गुन्हेगाराला जिंकू द्यायचं नाही, गुन्हा आकर्षक दाखवायचा नाही. मग गुंडावर सिनेमा काढायचा कसा? स्टुडिओंनी तोड काढली: गुंडाला रडवायचं. आणि गुंडाला रडवायला पोटच्या पोरासारखं साधन दुसरं नाही.

१९३७ चा मेट्रो-गोल्डविन-मायरचा ‘द लास्ट गँगस्टर’ हा या तोडीचा चोख नमुना. सहा वर्षांपूर्वी रिको झालेला एडवर्ड जी. रॉबिन्सन इथे जो क्रोझॅक झाला. अल कपोनसारखाच हा क्रोझॅकही खुनासाठी नाही, आयकर बुडवल्याबद्दल आत जातो आणि अल्काट्राझच्या बेटावर दहा वर्षं काढतो. तो आत असताना बायकोला मुलगा होतो. वर्तमानपत्रवाले त्या तान्ह्या पोराच्या हातात पिस्तूल ठेवून फोटो छापतात. गुंडाचा पोर, जन्मताच गुंड! पुढे त्याच वृत्तपत्रातला एक बातमीदार शरमतो, त्या बाईचा आधार होतो, तिच्याशी लग्न करतो. ही भूमिका तरुण जेम्स स्टुअर्टची. पोर त्यालाच बाप म्हणत वाढतं. क्रोझॅक सुटतो तेव्हा त्याला हवा असतो फक्त मुलगा. आणि मुलगा मिळाल्यावर त्याला कळतं की या पोराचं भलं आपण त्याच्या आयुष्यातून निघून जाण्यातच आहे.

हा सिनेमा थोर नाही. पण पुढच्या सगळ्या वंशावळीचा प्रश्न त्यात मांडून ठेवलाय: पोर कोणाचं, जन्म देणाऱ्याचं की वाढवणाऱ्याचं? आपल्याकडे या वादाच्या दोन्ही बाजू म्हणींत आधीच बसलेल्या आहेत. एक म्हणते, खाण तशी माती. दुसरी म्हणते, ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला.

१९५१ च्या ‘आवारा’त या दोन म्हणींचा खटलाच उभा राहतो. ख्वाजा अहमद अब्बास यांच्याबरोबर ही कथा लिहिणारे व. प. साठे मराठी, आणि आईच्या भूमिकेतल्या लीला चिटणीसही मराठी. गोष्ट ‘लास्ट गँगस्टर’ची उलटी बाजू वाटावी अशी. तिथे गुंडाचं पोर सज्जनाच्या घरी वाढतं, इथे न्यायाधीशाचं पोर गुंडाच्या हाती घडतं. न्यायाधीश रघुनाथचा ठाम विश्वास, की चोराचा मुलगा चोरच होणार. केवळ त्या समजापायी त्याने या गुंडाला, जग्गाला, शिक्षा दिलेली असते. जग्गा सूड उगवतो तो न्यायाधीशाच्या मुलाला चोर बनवून. खाण सोन्याची, माती जग्गाने कालवलेली. आणि पडद्यावर बाप पृथ्वीराज कपूर, मुलगा राज कपूर, लहानपणीचा राज म्हणून शशी, शिवाय पृथ्वीराजांचे वडील बशेश्वरनाथही न्यायासनावर. वंशाने काही ठरत नाही असं सांगणारा सिनेमा एकाच वंशाने मिळून केला.

हे सिनेमे वाशीमला कसे पोचले, तेही बघण्यासारखं आहे. हिंदी चित्रपटांच्या वितरणात देशाचे जे भाग पाडलेत त्यांना सर्किट म्हणतात, आणि वाशीम ज्या सर्किटमध्ये येतं त्याचं नाव अजून सीपी-बेरार. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत नकाशावरून जाऊन सत्तरहून अधिक वर्षं झाली. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा निघाला. सिनेमाच्या धंद्याने यातल्या कशाचीच दखल घेतली नाही. शेजारचं हिंगोली निझाम सर्किटमध्ये, वाशीम सीपी-बेरारमध्ये. मधली हद्द १८५३ ची. हक्क विकत घेणारे वितरक अमरावती-भुसावळचे, आणि पेट्या तिथून निघायच्या. मोठ्या गावात टॉकीज, लहान गावात जत्रेतली तंबूची टूरिंग टॉकीज. पेट्या पोचेपर्यंत मुंबईत सिनेमा जुना झालेला असायचा. बापाने मुलाला गोळी घातली ही बातमी सिनेमाच्या आधी गावात यायची, आणि तरीही तंबू भरायचा.

सत्तर-ऐंशीच्या दशकात त्या पेट्यांतून सलीम-जावेद या लेखकजोडीचे सिनेमे आले. ‘दीवार’ (१९७५) मधला बाप कामगारांचा पुढारी. मालक त्याच्या बायकापोरांच्या जिवावर उठून त्याच्याकडून सही घेतात, तो कामगारांच्या नजरेतून उतरतो आणि घर सोडून निघून जातो. राग काढायला गावाला मुलगा सापडतो. त्याच्या हातावर बाप चोर असल्याचं गोंदवतात. बापाने खरं म्हणजे चोरी केलेली नाही, पण गोंदण जात नाही. अमेरिकन क्रोझॅकचं पाप खरं होतं. ‘दीवार’मधल्या बापाचं पाप म्हणजे त्याची हतबलता. इथून पुढे हा फरक वाढतच जातो.

१९८२ च्या ‘शक्ती’त दिलीपकुमार पोलीस अधिकारी, अमिताभ त्याचा मुलगा विजय. लहानग्या विजयला गुंडांनी ओलीस धरलंय, फोन बापाकडे लागलाय, आणि बाप म्हणतो की मुलगा गेला तरी चालेल, कर्तव्य सोडणार नाही. तो बोलणं लांबवतोय ते फोन कुठून आला याचा माग लागावा म्हणून. पलीकडे ऐकणाऱ्या पोराला एवढंच कळतं की बापाला आपण नको आहोत. त्याला पळायला वाट देतो तो टोळीतलाच एक माणूस, नारंग. मोठेपणी विजय त्याच्याच पदरी राहतो. पुन्हा दोन बाप, पुन्हा वाण आणि गुण. शेवटी विमानतळावर बापाची गोळी मुलाला लागते. अमेरिकन चित्रपटात मुलासाठी बाप मरतो. आपल्याकडे बापाच्या तत्त्वासाठी मुलगा मरतो.

‘अग्निपथ’ (१९९०) मध्ये तर बाप गावचा मास्तर. अलिबागजवळच्या मांडव्यात तस्करीच्या आड येतो म्हणून त्याच्यावर बदनामीचा सापळा लावतात आणि गावच त्याला ठेचून मारतं. त्याचा मुलगा पुढे गुंड होतो, आणि विक्रम गोखल्यांच्या पोलीस आयुक्तापुढे बसून स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव अशी सगळी ओळख सांगतो. उभ्या हिंदुस्थानाने तो प्रसंग डोक्यावर घेतला. मराठी प्रेक्षकाला त्यात वेगळं काही नव्हतं. शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत आपल्या नावात मधे बाप असतोच. गुन्हा दाखल होतो तेव्हाही पोलीस बापाचं नाव आधी विचारतात. मुलाने नाव काढलं की बुडवलं, हे आपल्याकडे अक्षरशः कागदावर उमटतं.

रामगोपाल वर्माच्या ‘सरकार’ने (२००५) ‘गॉडफादर’चं ऋण उघड मान्य करून सुभाष नागरे हा मराठी बाप उभा केला. वाया गेलेला थोरला, वारसा उचलणारा धाकटा. सिनेमा गाजला, पण या वंशावळीत त्याने नवी फांदी काढली नाही. नवी फांदी आधीच फुटलेली होती, आणि तिचं मूळ अमेरिकेत नव्हतं.

ते मूळ कोल्हापुरातलं. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे ‘सावकारी पाश’ काढला, नारायण हरी आपट्यांच्या कथेवर. तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम. सावकार कागदाचा घोळ करून जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणीत राबतो. १९३६ मध्ये पेंटरांनी तो बोलपट म्हणून पुन्हा केला. त्यात गुंड नाही, पिस्तूल नाही. पण पुढच्या मराठी गुंडपटाचा पहिला अंक तोच. जमीन गेलेला माणूस गिरणीत आला, त्याचं कुटुंब चाळीच्या खोलीत वाढलं. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत. गिरणगावचं गिऱ्हाईक आटलं तसा मटकाही उतरणीला लागला. मागे राहिली बेकार पोरं.

महेश मांजरेकरांच्या, भाषेने हिंदी पण घराने मराठी अशा ‘वास्तव’मधला (१९९९) रघुनाथ नामदेव शिवलकर हा त्या पोरांतलाच. पावभाजीची गाडी टाकतो, भांडणात एक माणूस मरतो, आणि तो टोळीत ओढला जातो. शिवाजी साटमांनी केलेला त्याचा बाप नामदेव पाहावा. क्रोझॅकसारखा गुन्हेगार नाही, दिलीपकुमारसारखा तत्त्वाचा खांब नाही. घरात बसलेला, आवाज उतरलेला चाळकरी. मुलगा आईपुढे सोन्याची जाडजूड साखळी नाचवतो तेव्हा त्या घरात त्याला अडवण्याची ताकद बापात उरलेली नसते. शेवटी गोळी झाडण्याचं कामही आईवर पडतं. रीमा लागूंच्या हातात पिस्तूल येतं, कारण बापाचा हात केव्हाच रिकामा झालाय. मांजरेकरांनीच २०१० मध्ये जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकावरून ‘लालबाग परळ’ काढला, त्यात हे कारण नाव घेऊन सांगितलं: गिरणी.

२०१८ चा प्रवीण तरडेंचा ‘मुळशी पॅटर्न’ हे वर्तुळ पुरं करतो. मोहन जोशींचा पाटील बाप पुण्याजवळची जमीन विकतो, पैसा उडतो, आणि चौकीदारी, हमाली करायची पाळी येते. ओम भूतकरचा राहुल बापाची ही फरपट बघत हत्यार उचलतो. १९२५ ला सावकाराने जमीन घेतली होती, २०१८ ला बिल्डरने. तेव्हाचा शेतकरी गिरणीत गेला, आताच्या पोराला जायला गिरणी नाही. मांजरेकरांनी याचं हिंदी रूप ‘अंतिम’ म्हणून २०२१ मध्ये केलं.

असं सगळं ओळीने मांडलं की एक गोष्ट स्पष्ट होते. अमेरिकेत बापाचा गुन्हा मुलाला चिकटतो. हिंदीत बापाची बेअब्रू मुलाला चिकटते. मराठीत बापाची बुडालेली मिळकत मुलाला चिकटते. जसजशी गोष्ट आपल्या मातीजवळ आली, तसतशी ती पापपुण्यातून निघून पोटापाण्यात आली. या मराठी बापांना मुलगा गमवावा लागतो तो त्यांनी काही वाईट केलं म्हणून नाही. पोराला देण्यासारखं त्यांच्याजवळ काही उरलं नाही म्हणून.

मग वाशीमचं काय? इथे जमिनीला पुण्याच्या शिवेवरचा भाव नाही. बिल्डर दारात उभा नाही, त्यामुळे मुळशीतल्या पोरासारखी गाडी नाही, टोळी नाही. कापूस मागे सरला, सोयाबीन आलं, भावाची बेभरवशाची रीत तीच राहिली. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वर्धा आणि वाशीम. या मराठी बापांच्या सिनेमांत बाप उरतो आणि मुलगा जातो. इथे शेकडो घरांत बाप गेला आणि मुलगा उरला, सातबाऱ्यावर बापाच्या कर्जासकट.

या बाजूची गोष्ट सांगणारा सिनेमाही आहे, आणि तो याच वंशावळीत बसवायला हवा. सतीश मनवरांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९). विदर्भातला शेतकरी किसना, त्याची बायको अलका. गावात एकाने जीव दिल्यावर तिच्या मनात धसका बसतो. ती आपल्या सहा वर्षांच्या पोराला, दिनूला, कामाला लावते: बापाच्या मागे राहायचं, नजर हलू द्यायची नाही. बाप वावरात गेला की पोरगं मागे, बाप नुसता बसला तरी पोरगं समोर. गिरीश कुलकर्णींचा किसना या पहाऱ्याला वैतागतो, कारण कळत नाही तोवर आणखीच. गुंडपटात बाप पोराला वाचवायला धडपडतो, इथे पोराने बापाला वाचवायचंय. हातात पिस्तूल नाही, खलनायक पडद्यावर येत नाही. भाव पाडणारा माणूस दाखवणार तरी कुठला?

आपल्या गुंडपटाची खरी अडचण हीच आहे. त्याला कोणीतरी मारण्याजोगा माणूस लागतो: ‘अग्निपथ’चा कांचा चीना, सावकार, बिल्डर. कापसाचा भाव ठरवणारा असा समोर येत नाही, म्हणून त्याच्यावर सूडपट निघत नाही. त्याच्या आकड्यावर पैज लावणाऱ्या राजाला मात्र ‘धर्मात्मा’ करून पडद्यावर बसवता येतं. पन्नास वर्षं आपण आकड्याच्या मालकावर सिनेमे काढले आणि त्यांत बापाचा शोक पाहिला. ज्याच्या वावरातून तो आकडा निघाला त्याचा शोक सांगायला ‘गाभ्रीचा पाऊस’सारखे मोजकेच आले. या घराण्याचा पुढचा सिनेमा कोणी वऱ्हाडात काढला, तर त्याने पिस्तूल बाहेर ठेवावं आणि बाजार समितीच्या लिलावात कॅमेरा न्यावा. बाप-लेक तिथे रोज असतात, आणि त्यांच्यातला झगडा गुंडपटापेक्षा तसूभरही कमी नाही: वावर ठेवायचं की विकायचं, पोराने शिकायचं की पेरायचं, आणि कर्जाच्या कागदावर बापानंतर सही कोणाची.